माळ्यावरच्या कॅसेटी आणि अठरा वर्षं बंद असलेला व्हीसीआर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही संदर्भ लागेल. चोपड्याच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना पत्र्याच्या पेटीत सात व्हीएचएस, आणि कॅमेऱ्यातल्या छोट्या, म्हणजे चार हाय-एट आणि दोन मिनीडीव्ही, कॅसेटी सापडल्या. त्यात १९९१ सालचं आत्याचं लग्न आहे, आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाचे रोट आहेत, आणि आजी बोलताना-गाताना आहे असं घरातले सांगतात. आजी आता नाही. काकांचा व्हीसीआर अठरा वर्षं बंद आहे, पण वायर लावली तर त्याचा दिवा लागतो. व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारी यूएसबीची कॅप्चर स्टिक तुम्ही आणली आहे. एका कॅसेटच्या खिडकीत पांढरं काहीतरी दिसतंय. गावातला एक दुकानदार म्हणतो, सगळ्या द्या, पेनड्राइव्ह करून देतो. आता सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही विचारलंय.

मी भुसावळला १९८८पासून लग्नाच्या शूटिंगमध्ये होतो. गेली पंधरा वर्षं जुन्या कॅसेटी उतरवून देण्याचंच काम करतो. माझं पहिलं सांगणं हे, की आज कुठलीही कॅसेट त्या व्हीसीआरमध्ये घालू नका. दिवा लागला म्हणजे मशीन चालतं असं नाही. पस्तीस वर्षांची फीत कदाचित एकदाच नीट चालणार आहे. ती एक वेळ मशीन तपासण्यात वाया घालवायची नाही.

आत काय होतं ते समजलं की माझा हट्ट कळेल. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद असते. प्ले दाबलं की व्हीसीआर ती कॅसेटमधून बाहेर ओढतो आणि तिरप्या बसवलेल्या ड्रमभोवती गुंडाळतो. आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पाल पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे फिरतो आणि त्यावरची केसाएवढी बारीक हेडं फितीला घासून चित्र वाचतात. वाटेतला एखादा रोलर कडक झालेला असेल, एखादा रबरी पट्टा सैल पडला असेल, तर फीत सरकते, तिची कड दुमडते किंवा ती आतच गोळा होते. व्हीएचएसच्या वरच्या काठावर आवाज असतो आणि खालच्या काठावर मशीनला चालीचा ताल देणारी कंट्रोलची खूण. कड चुरगळली की आधी ह्याच दोन गोष्टी जातात. चित्राचा मधला भाग शाबूत असतो आणि तरी माणूस मुका होतो.

अठरा वर्षं माळ्यावर पडलेल्या मशीनचं काय होतं? रबर कडक होतं. गिअरना लावलेलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, त्यामुळे कॅसेट आत घेतली जाते आणि बाहेर येत नाही. पॉवर सप्लायमधले कॅपॅसिटर सुकतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो, म्हणून इथल्या मशीनचं रबर मी नेहमी मेलेलंच धरून चालतो. जुन्या टीव्ही-व्हीसीआरचं काम केलेला मेकॅनिक शोधा. साठीच्या पुढचे असे लोक जळगाव, धुळे, भुसावळला अजून आहेत. दुकान बंद केलं असेल, पण घरी टेबलावर सोल्डरिंगची मशीन असते. त्यांना फक्त ‘चालू करून द्या’ म्हणू नका. पट्टे, पिंच रोलर, आयडलर, ग्रीस आणि पॉवर सप्लाय बघा, असं नाव घेऊन सांगा. नवीन मशीनची वाट बघण्यात अर्थ नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६मध्ये उत्पादन बंद केलं. आता जे आहे ते जुनंच.

मशीन हातात आल्यावर हेड साफ करायची. हे काम घरी होतं, पण इथेच सगळ्यात जास्त नुकसान झालेलं मी पाहिलंय. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या ड्रमला अजिबात लावू नका. कापसाचा तंतू हेडच्या टोकात अडकतो आणि ते टोक तुटतं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिटही नको, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, घ्या. साध्या पांढऱ्या झेरॉक्सच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा आणि आयपीएने ओली करा. वायर काढलेली असू द्या. पट्टी ड्रमच्या बाजूला एका बोटाने हलकी टेकवून धरायची, बोट हलवायचं नाही, आणि दुसऱ्या हाताने वरून ड्रम सावकाश फिरवायचा. पट्टीवर तपकिरी-काळी रेघ उमटते. नवी पट्टी घ्या, पुन्हा फिरवा, रेघ उमटायची थांबेपर्यंत. पट्टी वर-खाली कधीही घासायची नाही, नाहीतर हेड गेलंच म्हणून समजा. रबराचा रोलर आणि फितीच्या वाटेतले खांब मात्र काडीने पुसले तरी चालतात. मग अर्धा तास तसंच उघडं ठेवून वाळू द्या.

त्यानंतर एखादी बिनकामाची कॅसेट घाला. सिनेमा रेकॉर्ड केलेली, गेली तरी चालेल अशी. दहा मिनिटं चालवा, पुढे-मागे करा, बाहेर काढा आणि झाकण उचलून फितीच्या कडा उजेडात बघा. कडा सरळ असतील तर मशीनवर विश्वास ठेवा. कुठे सुरकुती दिसली तर मशीन परत मेकॅनिककडे.

दोन गोष्टी आपल्या भागाच्या म्हणून वेगळ्या सांगतो. पहिली लाइटची. कॅसेट चालू असताना लाइट गेली तर फीत ड्रमभोवती गुंडाळलेलीच राहते. लाइट आली की स्टॉप किंवा इजेक्ट दाबून थांबा, हाताने ओढू नका. त्याहून बरं म्हणजे व्हीसीआर आणि संगणक दोन्ही यूपीएसवर लावा. दुसरी कूलरची. उन्हाळ्यात आपल्या घरोघरी कूलर चालतो आणि खोलीत ओल भरते. ती ड्रमवर बसली की फीत ड्रमला चिकटते. कूलर चालू असलेल्या खोलीत मी कॅसेट लावत नाही. पावसाळ्यात तर हे काम बंदच ठेवतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतची कोरडी, थंड हवा ह्या कामाला सगळ्यात चांगली.

आता कॅसेटींकडे या. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची छोटी टिकली असते. ती स्क्रूड्रायव्हरने तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. हाय-एट आणि मिनीडीव्हीला तोडायची टिकली नसते, सरकवायची असते. पेटीत डांबरगोळ्या असतील तर आजच काढा. त्यांच्या वाफेने कॅसेटचं प्लॅस्टिक मऊ पडतं. कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा.

पांढरं दिसतंय ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. तांदळाच्या पिठासारखी ती पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. धाब्याच्या घरात, भिंतीला टेकलेल्या पेटीत ती हमखास येते. ही गोष्ट मी चांगलीच नुकसानीने शिकलो. एका पावसाळ्यात रावेरकडच्या एका घराची अशी कॅसेट मी घाईत मशीनमध्ये घातली. पाच मिनिटांत चित्र गेलं. मी कॅसेट काढली, हेड पुसल्यासारखं केलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची चांगली कॅसेट लावली. आत रोलरवर राहिलेल्या त्या भुकटीने दुसऱ्या फितीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक उभी चिरी ओढली. ती त्या घरातली एकुलती एक कॅसेट होती. मी त्यांना पैसे परत केले, फीत परत करू शकलो नाही. तेव्हापासून बुरशीच्या कॅसेटीला माझ्याकडे वेगळं मशीन आहे, आणि ते चांगल्या कॅसेटीला कधीच वापरत नाही.

क्रमाचं विचाराल तर बहुतेक लोक सर्वांत जुनी कॅसेट आधी करतात. मी उलटं सांगेन. आधी हाय-एट आणि मिनीडीव्ही करा. व्हीएचएस चालवणारी मशीनं भंगारात का होईना अजून मिळतात. ह्या छोट्या कॅसेटी मात्र बहुतेक कॅमेऱ्यातच चालवाव्या लागतात आणि चालू स्थितीतले कॅमेरे दरवर्षी कमी होतायत. हाय-एटची फीतही नाजूक असते. काकांचा तो कॅमेरा घरात कुठे आहे का, नीट शोधा. ज्या कॅमेऱ्याने शूटिंग केलं त्याच कॅमेऱ्यात ती कॅसेट सगळ्यात चांगली वाचली जाते, कारण हेड बसवण्यातला बारीकसा तिरकेपणा लिहिताना आणि वाचताना एकच असतो. कॅमेरा मेला असेल तर सोनीचा डिजिटल-एट कॅमेरा मागून बघा. त्यातली बरीच मॉडेल जुनी हाय-एट वाचतात आणि थेट डिजिटल करून बाहेर देतात.

मिनीडीव्हीवर तर आधीच डिजिटल डेटा आहे. ती पिवळ्या वायरने, म्हणजे टीव्हीला चित्र देणाऱ्या साध्या वायरने, कॅप्चर करणं म्हणजे छापील पुस्तक वाचून दाखवून पुन्हा लिहून घेणं. ती फायरवायरने, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडायच्या डिजिटल वायरने, काढायची, म्हणजे फितीवरचा डेटा जसाच्या तसा संगणकात येतो. तासाला साधारण १३ जीबी. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं. जुना डेस्कटॉप घ्या, त्यात फायरवायरचं कार्ड बसवा आणि विनडीव्हीसारखं छोटं सॉफ्टवेअर वापरा. वायर लावताना-काढताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा, चालू असताना लावून पोर्ट जळालेले मी पाहिलेत. ह्या रस्त्याचा एक मोठा फायदा लोकांना माहीत नसतो. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असेल तर प्रत्येक शॉटची तारीख आणि वेळ त्या डेटात असते. पिवळ्या वायरने काढलं की ती जाते.

व्हीएचएसला तुमची यूएसबी स्टिक चालेल का? चालेल, पण तिच्यासोबत येणारं सॉफ्टवेअर वापरू नका. व्हर्च्युअलडब घ्या. पद्धत पाल, आकार ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि कोडेक, म्हणजे चित्र फाइलमध्ये साठवायची पद्धत, हफवाययूव्हीसारखा लॉसलेस, चित्रातलं काही न गाळणारा. तासाला २५ ते ३५ जीबी जागा लागेल, लागू द्या. चित्र काळं-पांढरं आलं किंवा वर-खाली धावू लागलं तर कॅसेट खराब झाली असं समजून घाबरू नका, बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये पालऐवजी एनटीएससी ही अमेरिकेकडची पद्धत लागलेली असते. व्हीसीआरला एस-व्हिडिओचं भोक असेल तर पिवळ्या वायरीऐवजी ते वापरा. चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वाकत असेल तर तो फितीच्या चालीचा दोष असतो. व्हीसीआर आणि स्टिकच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला तर तो बराच सरळ होतो. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ ह्या कामासाठी नावाजलेले आहेत. कुठे पडलेला मिळाला तर घ्या, त्यात डीव्हीडी नाही चालली तरी बिघडत नाही. प्रत्येक कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे न्या, पुन्हा मागे आणा, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बसलेली फीत मोकळी होते. मग प्ले.

आता आवाजाबद्दल. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या आजी इथेच आहेत.

१९९१चं ते लग्न तुमच्याकडे आहे ते बहुतेक मिक्सिंग केलेलं असणार. त्या काळात आम्ही कॅमेऱ्यातल्या मूळ कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर एडिटिंग करायचो, बदामाच्या आकारात नवरा-नवरी आणायचो आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत सिनेमाची गाणी चढवायचो. गिऱ्हाइकालाही तेच हवं असायचं. मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला पुन्हा वापरली जायची. मांडवात बायका अहिराणीत गाणी म्हणत होत्या, आजी जात्यावर बसून हळद दळताना काही सांगत होत्या, त्यावर आम्ही गाणं टाकलं. मी स्वतः शेकडो लग्नांवर टाकलंय आणि आज त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण सगळंच गेलं असं नाही. व्हीएचएसवर आवाज दोन जागी असू शकतो. एक, काठावरच्या पट्टीवर, ज्याला नॉर्मल म्हणतात. दुसरा हायफाय, तो फिरणाऱ्या हेडनेच चित्राच्या खाली, फितीच्या खोल थरात लिहिलेला असतो. गाणी नंतर ऑडिओ डब करून चढवली असतील तर ती फक्त काठावरच्या पट्टीवर जातात. रेकॉर्डिंग हायफाय मशीनवर झालेलं असेल तर खालचा मूळ आवाज तसाच राहतो. म्हणून उतरवण्यासाठी मशीन हायफायच शोधा. आवाजाचं बटण एकदा नॉर्मलवर आणि एकदा हायफायवर ठेवून ऐका. मधल्या ‘मिक्स’वर ठेवू नका. यावलकडचं एक कुटुंब वीस वर्षं एकच गाणं ऐकत होतं. मी बटण हायफायवर केलं आणि गाण्याच्या जागी भांड्यांचा आवाज, मागे सनई, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ एक म्हातारी, ‘काय करी ऱ्हायनी वं माय?’ एवढंच वाक्य. शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. ती त्यांची आई होती. हे प्रत्येक कॅसेटीत सापडेल असं वचन मी देत नाही, पण बघितल्याशिवाय सोडू नका. कानबाईची कॅसेट मिक्सिंग न केलेली, घरच्या कॅमेऱ्यावरची असेल तर तिच्यात मूळ आवाज आहेच. तिथे सॉफ्टवेअरने खरखर काढायला जाऊ नका. जास्त सफाई केली की म्हातारीच्या आवाजातला श्वास आधी जातो.

दुकानदाराचं म्हणाल, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. उतरवलेली मूळ फाइल मला देणार का, आणि कॅसेट परत देणार का? दोन्हीला हो म्हणाला तर मशीन बघून ठरवा. नुसती मोबाइलवर बघायची छोटी फाइल देणार असेल तर नको. २०००च्या आसपास आपल्याकडे सगळ्यांनी कॅसेटींच्या व्हीसीडी करून घेतल्या आणि कॅसेटी फेकल्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ × २८८, म्हणजे पूर्ण चित्राचा चौथा हिस्सा. आज ते लोक माझ्याकडे व्हीसीडी घेऊन येतात आणि चेहरा ओळखू येईल असं करा म्हणतात. फितीवर तो चेहरा होता. तुमच्या पेटीत आत्याच्या लग्नाची व्हीसीडी असली तरी कॅसेटच उतरवा, आणि उतरवून झाल्यावरही कॅसेट ठेवा.

एआयने फोरके करून देतो म्हणणारेही आता भेटतील. मी ते करत नाही. ते सॉफ्टवेअर फितीवर नसलेले डोळे, दात, सुरकुत्या स्वतः भरतं. चित्र चकचकीत होतं, पण आजी दुसरीच कुणीतरी बाई होते. घरच्यांना बघण्यासाठीची प्रत करताना एवढंच करा, इंटरलेस, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांत (फील्डमध्ये) विभागलेली असते ते, काढताना सेकंदाला ५० फ्रेम ठेवा, म्हणजे हालचाल जुन्या टीव्हीवर दिसायची तशी मऊ दिसते. माणसं झटके देत मागे-पुढे होताना दिसली तर फील्डचा क्रम उलटा आहे. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं, व्हीएचएस कॅप्चरमध्ये बहुधा वरचं. चित्र ४:३च ठेवा, रुंद टीव्हीभर ताणलं की सगळे जाडे दिसतात. मूळ मोठी फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या गावांत. एक चोपड्याला, एक भावाकडे पुण्याला. पेनड्राइव्ह फक्त नेण्या-आणण्यासाठी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल प्रत म्हणून धरू नका, ती बहुतेक वेळा दाबून लहान केलेली असते.

तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, त्यात लवकर करण्याचा काही मार्ग नाही. तेवढा वेळ आत्यांना शेजारी बसवा आणि वही घ्या. मांडवात कोण उभं आहे, कोणत्या गावचं, हे सांगणारी माणसं त्यांच्याच पिढीत आहेत. मिनिट आणि सेकंद लिहून पुढे नाव टाका.

राहिली ती पांढरी कॅसेट. तिला उन्हात ठेवायचं नाही, कुरडया-पापडासारखी वाळवायची गोष्ट नाही ही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन-तीन आठवडे ठेवा. बुरशी सुकली की ती सुटी होते. मग नाका-तोंडाला एन-९५ मास्क लावून, घराबाहेर ओट्यावर बसून, खालचे पाच स्क्रू काढायचे आणि आतली दोन्ही चाकं स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवायची. फीत लिंट न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून हाताने सावकाश गुंडाळत पुसायची, आणि नंतरच ती टाकाऊ मशीनमध्ये चालवायची. पहिल्यांदा हे एकट्याने करू नका. बाकीच्या बारा उतरवून घ्या, हात बसू द्या, आणि डिसेंबरमध्ये ती घेऊन भुसावळला या. मशीन माझ्याकडे आहे, दोघं मिळून करू.